ब्रेक फेल झाला नव्हता

वसमत ते साखरा आणि परत, या चार दिवसांच्या मोटारसायकल प्रवासाचं वर्णन मी एकदा लिहिलेलं आहे. पन्नासेक वर्षं झाली. आमच्या खात्याच्या कर्मचाऱ्यांचा एक वार्षिक अंक निघायचा, त्यात ते छापून आलं आणि लोकांनी हसत हसत वाचलं. तेच वर्णन आता पुन्हा लिहितो आहे, कारण त्यातले रस्ते, गावं, जेवणं सगळं खरं होतं आणि एक गोष्ट खोटी होती. ती एक गोष्ट एका माणसाला आयुष्यभर पुरली.

निमित्त झालं नातीच्या मोटारसायकलचं. ती नोकरीला लागली आणि तिने नवी गाडी घेतली. मला शहात्तरावं वर्ष चालू आहे, तरी इमारतीच्या आवारात एक चक्कर मारायचा हट्ट मी धरला. फाटकापाशी वाळू पडली होती. मी सवयीप्रमाणे ब्रेक दाबला, सोडला, दाबला, सोडला.

"आजोबा, सोडता कशाला? दाबून धरा!"

"दाबून धरलं की चाक घसरतं."

"नाही घसरत. एबीएस आहे त्याला."

चिडून मी पाय पूर्ण दाबला. तर पायाखालचा ब्रेक आपोआप थरथरायला लागला, कोणी खालून टकटक करावं तसा. गाडी सरळ उभी राहिली. मी म्हणालो, नवी गाडी आणि आत्ताच बिघडली. दुसऱ्या चकरेलाही तेच, तिसऱ्यालाही तेच. माझा पाय सोडू पाहायचा, नात ओरडायची "धरा, धरा," आणि तो थरकाप थेट गुडघ्यापर्यंत यायचा. शेवटी मी वैतागून विचारलं, हे काय चाललंय?

ती म्हणाली, "चाक अडकायला लागलं की गाडी स्वतःच ब्रेक सोडते आणि परत दाबते. भराभर. तुम्ही जे पायाने करताय ना, तेच."

मी गाडी लावली आणि जिन्यावर जाऊन बसलो. हे पायाने करायला मला एका माणसाने शिकवलं होतं. त्याचं नाव गफूर मिस्त्री.

वसमत

बहात्तरच्या दुष्काळानंतरची वर्षं. बांधबंदिस्तीच्या कामावर माझी नेमणूक वसमतला झाली. आता तो भाग हिंगोली जिल्ह्यात आहे, तेव्हा परभणीत होता. मी साताऱ्याच्या बाजूचा, सव्वीस वर्षांचा, प्रत्येक गोष्ट "आमच्याकडे" कशी असते ते सांगत फिरणारा. आमच्याकडे हळद घराच्या अंगणात वाळते. इथे पेठेत पाय टाकावा तिथे हळद, आणि अंगावरचा पांढरा सदरा संध्याकाळी पिवळा. मला सगळ्याचाच राग यायचा.

त्यात सरकारने आम्हाला एक मोटारसायकल दिली. जुनी, जड, पायाच्या ब्रेकची. मी आयुष्यात सायकलशिवाय काही चालवलं नव्हतं आणि सायकलचा ब्रेक मूठ आवळून धरायचा असतो एवढंच मला माहीत होतं. पहिल्या आठवड्यात मी तीनदा पडलो. तिन्ही वेळा मागचं चाक जागच्या जागी अडकून गाडी आडवी झाली. तिन्ही वेळा मी कंपनीला, रस्त्याला आणि मराठवाड्याला शिव्या दिल्या.

गफूर मिस्त्रीचं दुकान बसस्टँडच्या मागे होतं. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. घराणं पिंजाऱ्याचं, शेजारच्याच खोलीत त्याचा भाऊ दिवसभर कापूस पिंजायचा. गफूरने गाडी पाहिली, ब्रेकच्या सळईचा नट हातानेच फिरवला आणि ब्रेक लागण्याआधी पॅडल किती मोकळं दबतं ते खाली आपलं बोट घालून मोजलं.

"दीड बोट खेळ ठेवलाय साहेब. याच्यापेक्षा कमी करायचा न्हाई. आता बूट काढा."

"बूट कशाला?"

"बरेक पायाला कळला पाहिजे. बुटाला कळून काय फायदा?"

भर बाजारात, हळदीच्या गाड्या आणि हमाल बघत असताना, त्याने माझ्यासारख्या सरकारी माणसाला अनवाणी गाडीवर बसवलं. मी चरफडत बसलो. तो शेजारून पळत होता आणि ओरडत होता, "दाबा! सोडा! दाबा! सोडा! तुमी काहून नरडं धरल्यावानी धरून राहिले?" मला ते जमेना. मग तो मला हाताला धरून भावाच्या खोलीत घेऊन गेला. भाऊ धुनकीच्या, म्हणजे कापूस पिंजायच्या धनुष्याच्या, ताणलेल्या तातीवर लाकडी दस्ता मारत होता. तुण्ण, तुण्ण, तुण्ण.

"बघा. मारून लगेच सोडतोय. दस्ता तातीवर दाबून धरला तर कापूस पिंजल का? गुंता होतोय. चाकाचं पण बराबर तसंच. चाक फिरत राहिलं पाहिजे, मग ते थांबतंय. अडकवलं की ते तुमचं ऐकत न्हाई."

अर्धा तास मी त्या तुण्ण-तुण्णवर पाय हलवत बसलो. आजूबाजूला पोरं, हमाल, एक म्हातारा व्यापारी, सगळे जमले होते. दुसऱ्या दिवशी मला ब्रेक लावता येऊ लागला. गफूरचे आभार मी मानले नाहीत. चार लोकांत बूट काढायला लावल्याचा राग मनात होता.

सिद्धेश्वर

साखऱ्याकडे बांधांची आखणी करायची होती. माझ्यामागे आमचे मदतनीस सखाराम खंदारे. वय चाळिशीचं, देह भरलेला, मांडीवर मोजणीच्या साखळीची आणि अवजारांची पेटी. ते साखऱ्याचेच, त्यामुळे प्रवासभर खुशीत होते. मी नव्हतो.

वसमतहून औंढ्यापर्यंत माझा पाय दुखून आला. गफूरच्या पद्धतीने गाडी थांबायची, पण सावकाश, आर्जवं केल्यासारखी. म्हैस आडवी आली की चाळीस पावलं आधी विनवणी सुरू करायची. खंदारे मागून गंमत बघायचे.

"साहेब, म्हशीवर काहून चिडून राहिले? तिला थोडंच माहीत, तुमी सरकारी हाव म्हून."

"खंदारे, गप्प बसा."

"मी गप्पच हाव. पेटी वाजून राहिली."

दुपारी सिद्धेश्वरच्या धरणावर पोचलो. पूर्णेचं पाणी अडून लांबवर पसरलं होतं आणि काठावर भोई जाळी वाळवत होते. इतकं पाणी आणि पलीकडे दोन मैलांवर कोरड्या ठणठणीत टेकड्या, हे मी आमच्याकडे पाहिलेलं नव्हतं. एका भोयाच्या बायकोने ताज्या मरळाचं कालवण केलं, येसर म्हणजे इकडचं भाजलेल्या मसाल्याचं पीठ घालून, झणझणीत. सोबत ज्वारीची भाकरी. आमच्याकडे माशाला कोकम लागतं असं मी म्हणालो. ती म्हणाली, "मंग तुमच्याकडं जाऊन खा." खंदारे इतके हसले की त्यांना ठसका लागला.

जेवणानंतर खंदारे घरी न्यायला मासे निवडायला गेले. मी गाडीपाशी एकटा होतो. आता जे लिहितो ते पहिल्या वर्णनात नाही. त्या ढिल्या, विनवण्या करायला लावणाऱ्या ब्रेकचा मला वीट आला होता. मी पेटी उघडली, पक्कड काढली आणि ब्रेकचा नट आवळला. गफूर हाताने फिरवायचा तो नट मी पकडीने, जोर लावून, तीन-चार आटे आवळला. दीड बोटाचा खेळ नाहीसा झाला. पॅडलवर बूट टेकवला की चाक जागीच गप्प व्हायचं. मला फार बरं वाटलं. पक्कड पुसून पेटीत ठेवली. खंदारे मासे घेऊन आले तेव्हा मी पाण्याकडे बघत उभा होतो.

साखरा

हिंगोलीवरून सेनगाव आणि पुढे साखरा. सेनगावपुढचा रस्ता म्हणजे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या आणि मधे दगड, त्यामुळे वेग असा नव्हताच आणि ब्रेकचं काही कळलं नाही. कळलं असतं तर बरं झालं असतं.

खंदाऱ्यांच्या आईने दारात "जयभीम" घातला आणि मला पाय धुवायला तांब्या दिला. हे घर बौद्धवाड्यात होतं. माझ्या घरी कळलं असतं तर माझ्या आईने काय म्हटलं असतं ते मला ठाऊक होतं, आणि मी तिला कधी सांगितलं नाही. तीन पोत्यांचा बिछाना, उकडलेल्या तुरीच्या शेंगांची परात, लसणाचा ठेचा आणि मला वाऱ्यापासून वाचवायला स्वतः दाराशी झोपलेले खंदारे, एवढं मला मिळालं. दोन दिवस आम्ही मुरमाड माळावर खुंट्या ठोकत फिरलो. जमीन इतकी हलकी की पाऊस पडला की माती घेऊनच जायचा. लोक बांधाचं पाहायला यायचे आणि आपापल्या वाटणीवरून भांडायचे. मी त्यांच्यावर खेकसायचो. खंदारे त्यांना विडी द्यायचे आणि काम व्हायचं.

निघताना म्हातारीने खंदाऱ्यांच्या गळ्यात शेंगांचं गाठोडं अडकवलं आणि मला म्हणाली, "साहेब, माझं लेकरू हळू आणा." चाळीस वर्षांचं लेकरू लाजलं.

औंढ्याच्या अलीकडे

परतीच्या दिवशी हिंगोली सोडली आणि डांबरी रस्ता लागला. तुरीचे दिवस होते. त्या भागात तुरीची वाळलेली झाडं सरळ रस्त्यावर पसरतात. ट्रक, बस त्यावरून जातात आणि तूर आपोआप मळली जाते. बायका कडेला खराटे घेऊन बसलेल्या. मैलामैलावर हे. आमच्याकडे सरकारी रस्त्यावर खळं कोणी घालत नाही, असं मी खंदाऱ्यांना सहा-सात वेळा सांगितलं.

"साहेब, सरळ जा. तुरीवर फकत बरेक मारायचा न्हाई. इकडं शेंबड्या लेकराला पण माहीत हाय."

"मी कसं चालवायचं ते मला शिकवू नका."

औंढ्याच्या अलीकडे घाटासारखा उतार आहे. त्या उतारावर अख्खा रस्ता भरून तूर पसरलेली आणि कडेला एक बाई निवांत बसलेली. माझं डोकं फिरलं. मला थांबून त्या बाईला झापायचं होतं. लक्षात घ्या, रस्त्यात कोणी आडवं आलं नव्हतं. थांबायचं काही कारण नव्हतं. मी केवळ बोलण्यासाठी, बुटासकट, सगळा जोर लावून ब्रेक दाबला आणि दाबून धरला.

चाक अडकलं. गफूर म्हणाला होता तसं मग त्याने माझं ऐकलं नाही. वाटाण्यावर पाय पडावा तशी गाडी तुरीच्या दाण्यांवरून गेली, आडवी झाली, फरफटत खाली गेली. मी झुडपात पडलो. खंदारे पेटीवर पडले आणि त्यांच्या गळ्याखालचं हाड मोडलं. शेंगा रस्ताभर.

ती बाई धावत आली, खराट्यासकट.

"डोळे फुटले का रे? तुरीवर कोणी बरेक मारतं व्हय? जायचं ना सरळ! तूर मळायला टाकलीय, लोळायला न्हाई!"

जिला मला झापायचं होतं तिनेच मला झापलं. आणि बोलता बोलताच तिने डोक्याला बांधलेलं फडकं सोडून खंदाऱ्यांचा हात गळ्यात बांधला. खंदाऱ्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते म्हणाले, "मावशी, त्या शेंगा गोळा कर. माझ्या मायच्या हायत."

वसमतचं कार्यालय

सरकारी गाडी मोडली, सरकारी माणूस जायबंदी झाला. अहवाल लिहावा लागला. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी लिहिलं: "स्थानिक मिस्त्रीने दुरुस्तीत हयगय केल्याने उतारावर ब्रेक निकामी झाला." पडताना सळई वाकली होती, त्यामुळे खरं-खोटं बघायला कोणाला जमणार नव्हतं.

एका माणसाला जमलं. आमच्या वरिष्ठांनी गफूरला बोलावलं. तो गाडीपाशी उकिडवा बसला, सळई बघितली, नटावर अंगठा फिरवला. नटावर पकडीच्या दातांचे ओरखडे होते. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग वरिष्ठांना म्हणाला, "साहेब, मी नटाला पक्कड लावत न्हाई."

वरिष्ठांना त्याचा अर्थ कळला नाही. ते म्हणाले, "पक्कड लावा नाहीतर आणखी काही लावा, काम नीट करा." मी कागद चाळत होतो. बोलायला तेवढीच जागा होती. मी बोललो नाही. गफूरकडून सरकारी गाड्यांचं काम काढून घेतलं.

खंदारे दीड महिन्याने कामावर आले. त्यांनी एकदाच विचारलं, "साहेब, त्या नटाला तुमी हात लावला व्हता का?" मी नाही म्हणालो. त्यानंतर ते माझ्यामागे कधी बसले नाहीत. "तुमी व्हा पुढं, मी बसनं येतो." बदली होईपर्यंत हेच.

एवढ्यावर थांबलो असतो तरी पाप अर्धं राहिलं असतं. पण मला लिहायची हौस. वार्षिक अंकासाठी मी हा प्रवास लिहिला आणि विनोदासाठी गफूरला त्यात घातलं. अनवाणी गाडी शिकवणारा, धुनकीवर ब्रेक तपासणारा तऱ्हेवाईक कारागीर. त्याचं नाव मी ठेवलं "ब्रेकफेल मिस्त्री". अंक वसमतच्या कचेऱ्यांतून फिरला, चहाच्या दुकानात मोठ्याने वाचला गेला. माझी बदली साताऱ्याला झाली तेव्हा लोक त्याला तोंडावर त्या नावाने हाक मारत होते. निरोपाच्या चहाला एकाने माझी पाठ थोपटली होती: काय नाव ठेवलंत साहेब!

वसमत, पुन्हा

नातीच्या गाडीनंतर मला स्वस्थ बसवेना. मुलगा म्हणाला, आता कोण असणार तिथे? तरी नातीला घेऊन बसने गेलो. हळदीचा वास उतरल्या उतरल्या आला. बसस्टँडच्या मागे सगळी नवी दुकानं होती. एका पानवाल्याला मी विचारलं, गफूर मिस्त्री म्हणून कोणी होते. तो पस्तिशीचा असेल. अंक छापला तेव्हा तो जन्मलाही नव्हता.

"गफूर... कोण, ब्रेकफेल चाचा का? ती गादीची दुकान बघा."

नातीने माझा हात धरला.

गाद्यांच्या दुकानात गफूर खुर्चीवर बसला होता. पाठीत वाकलेला, डोळ्यांना जाड चष्मा. मिस्त्रीकाम त्याने माझ्या बदलीनंतर वर्षभरात सोडलं होतं. ब्रेकफेलकडे गाडी कोण टाकणार? मग भावाबरोबर कापूस पिंजत राहिला. मी नाव सांगितलं. त्याने ओळखलं. ओळखायला त्याला अजिबात वेळ लागला नाही.

मी खुर्ची त्याच्या कानापाशी ओढली आणि सगळं सांगितलं. सिद्धेश्वर, पक्कड, तूर, अहवाल, अगदी पानवाल्याने आत्ता घेतलेलं नावसुद्धा. तो ऐकत राहिला. संपल्यावर म्हणाला, "नट मी तवाच वळखला व्हता. बूट काढले व्हते का, ते सांगा."

"नाही."

"म्हटलंच." मी माफी मागितली. त्याने हात हलवला, माशी हाकलावी तसा.

"साहेब, तुमी माझं नाव कागदावर खराब केलं. सगळ्या गावानं वाचलं. आता पन्नास वर्षांनी येऊन माझ्या कानात काहून सांगून राहिले? मला तर ठाऊकच हाय."

"मग काय करू?"

"जिथं बोलले व्हते तिथंच बोला. आन लिवून झालं की त्या पानवाल्याला आधी द्या."

चहा त्याने पाजला नाही. मी तशी अपेक्षाही करू नये. निघताना नातीने त्याला गाडीच्या ब्रेकबद्दल सांगितलं, तो थरथरतो वगैरे. तो थोडा पुढे झुकला. "आपोआप दाबून सोडतो? मशीन?" त्याने खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरला, तुण्ण, तुण्ण, आणि माझ्याकडे न बघता तिला म्हणाला, "मंग बेटा, मशीन शिकलं म्हणायचं."

खंदारे हे वाचायला नाहीत. ते गेल्याचं मला उशिरा कळलं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच देतो: हो, मीच हात लावला होता.

तो वार्षिक अंक बंद पडून कैक वर्षं झाली, म्हणून हे दुसरीकडे छापायला देतो आहे आणि पंचवीस प्रती वसमतला पाठवणार आहे, पहिली पानवाल्याला. ज्यांना एवढं लांबण वाचायला वेळ नसेल त्यांनी हे शेवटचंच वाचावं. गफूर मिस्त्रींनी त्या गाडीचा ब्रेक बरोबर लावला होता. दीड बोट खेळ ठेवला होता. तो नट मी माझ्या पकडीने आवळला, तुरीवर रागाने ब्रेक मारला आणि दोष त्यांच्यावर टाकला. ते नाव मी ठेवलं होतं. ते त्यांचं नाही. ते कोणाला लावायचंच असेल तर मला लावा.